तरवडाचं आवतान

राहीबाईंनी माण तालुक्यातून येताना काय आणलं नाही ते विचारावं. जात्यावर दळलेली हळद आणली, चार सुपं आणली, कुरडयांचा डबा आणला, बाजरीचं पीठ आणलं. घाटात एसटीनं दोनदा हिसका दिला, तरी पोटाशी धरलेलं कुंभाराचं मडकं त्यांनी फुटू दिलं नाही. बुधवारी सकाळी नावड्याच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत हे सगळं पसरलं तेव्हा पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यांची भावजय राजाबाई एका पायावर उभी राहून कामावर न्यायचा डबा भरत होती.

"सगळं आलं," मडक्यावरून हात फिरवत राहीबाई म्हणाल्या. "आता तरवड तेवढा कुटं हाय त्यो सांग. बघून ठिवते."

राजाबाईच्या हातातली भाकरी डब्याच्या तोंडाशीच थांबली. "तरवड?"

"देवकाला नको? रविवारी पोरीचं लगीन. मांडवात देवक काय तुझ्या त्या प्लास्टिकच्या फुलांचं बसवायचं?"

"वन्सं, तो तुम्ही आणणार होता ना?"

"मी?" राहीबाई मनापासून हसल्या. "आगं, रस्त्याकडंचं झुडूप त्ये. दारातनं भाईर पडलं की ढिगानं. त्ये काय एसटीतनं वागवत आनायचं? उद्या म्हनशील, येताना वाऱ्यावरची धूळबी घिऊन या."

त्यांचं तरी काय चुकलं? माणातल्या माणसाला तरवड नाही असा मुलूखच ठाऊक नाही. मुरमाड माळ, वर ऊन, खाली खडे, पावसानं तीन-तीन वर्षं पाठ फिरवलेली. पण तरवड आपला पिवळाधमक हसत उभा. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. इकडं मात्र चार महिने आभाळ फाटतं. खाडीची दमट हवा, चिखल, शेवाळ. राजाबाई लग्न होऊन आली त्याला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं इथं तरवडाचं पान पाहिलं नव्हतं.

"गावाकडून मागवते कुणाकडून तरी," ती म्हणाली. "मार्केटला गाड्या येतातच."

"देवक मागवत न्हाईत. इकत घेत न्हाईत. घरच्या मानसानं झाडापाशी जायचं, हळद-कुंकू लावायचं, 'चला लग्नाला' म्हनायचं, मग फांदी घ्यायची. पावना काय पार्सल करून येतो व्हय गं?" आणि तिथंच मांडी ठोकून त्यांनी बारीक आवाजात ओवी धरली,

"पिवळा तरवड, उभा मुरमाड माळाला,
पयलं आवतान माझ्या कुळीच्या बाळाला."

आवाज गोड होता, यात शंका नाही. पण खाली ठेकेदाराचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. 'कुळी तुमची, देवक तुमचं, आणि शोधायचं मी,' असं ओठावर आलेलं राजाबाईनं भाकरीबरोबर डब्यात कोंबलं आणि झाकण लावलं.

*

टेम्पोनं बायकांना रबाळ्याच्या अलीकडं, डोंगर कापून काढलेल्या रस्त्याकडेला उतरवलं. अंगात नारिंगी जाकीट, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. उतारावर लावलेल्या शोभेच्या झाडांच्या बुडातलं तण काढायचं, ते गोळा करून गोणीत भरायचं आणि गोणी खालच्या वळणापर्यंत ओढत न्यायची. बसून खुरपायचं, गुडघ्यावर पुढं सरकायचं. अकरा वर्षांत राजाबाईच्या गुडघ्यांची कातडी टाचेसारखी झाली होती. कुठलं गवत मुळासकट येतं, कुठलं दगा देतं, कशाच्या चिकानं हात काळे होतात, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. आज ती डोळे उघडून बघत होती. बघता बघता मनात आलं, की या अकरा वर्षांत कधी एखादा तरवड आपल्याच खुरप्याखाली गेला असला तर?

"काय गो, कानातला पडला काय तुजा?" शेजारच्या ओळीतल्या मीनानं विचारलं. मीना नावडे गावठाणातली, आगऱ्याची. दोघींचा टेम्पो एक, दुपारची सावली एक.

राजाबाईनं सांगितलं. मीनानं लगेच वाळत चाललेलं, लांब शेंगांचं एक रोप उपटून तिच्यासमोर धरलं. "ह्यो बग. पिवली फुलं यायची याला."

"हा टाकळा आहे."

"टाकलाच हाय. पावसात आमी भाजी करून खातू. तुमी त्याला हात जोडतंव? बया, तुमचा देव दर सालाला आमच्या कढईत!"

आसपासच्या बाया खो-खो हसल्या. राजाबाईलाही हसू आलं, पण अर्ध्यावरच विझलं. "हा नाही गं. त्याच्या पानाच्या बुडाशी कान असतो. असा, गोल पाळीसारखा."

"झाडाला कान? मंग ऐकू पन येत आसंल."

"येत असेल. नाहीतर आवतण कुणाला द्यायचं?"

"मावशी!" वरून सुपरवायझर धनेशची हाक आली. पंचविशीचा पोरगा, पण हातात शिट्टी असल्यामुळं वयानं सगळ्यांना वडील. "तण काढायला ठेवलंय तुम्हाला, तपासायला नाही. हात चालवा."

राजाबाईनं हात चालवला. संध्याकाळपर्यंत सात गोण्या भरल्या. त्यांत तरवड सोडून सगळं होतं.

*

घरी आली तर दारातच नवरा उभा. हौसेराव मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचा. पाठीच्या मणक्यानं दगा दिल्यापासून बसताना भिंत धरायचा आणि उठताना देवाचं नाव घ्यायचा. पण आज चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा भाव. हातात पिवळ्या फुलांची ही भली मोठी फांदी.

"घे," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षांत सापडला नाही म्हणतेस. हायवेच्या दुभाजकात रांगच्या रांग आहे."

आतून राहीबाई आल्या. त्यांनी फांदी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"हौसा, ह्यो तरवड?"

"पिवळा आहे ना आक्का."

"मीबी हळदीला पिवळी हुनार हाय. मला बसीव मग मांडवात."

ती पिवळ्या घंटांची शोभेची फांदी होती. हौसेराव भिंत धरून खाली बसला. राजाबाईला त्याची दया आली आणि रागही आला, आणि नेहमीप्रमाणे राग आधी बाहेर पडला.

"कशाला हा खेळ? बोलणी झाली तेव्हा व्याह्यांनी विचारलं, तुमचं देवक काय? तुम्हीच म्हणालात ना, पंचपालवी? मग बसवा की पंचपालवी. आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ. पाचही इथं मिळतात."

"ते सांगायला गं," हौसेराव पुटपुटला. "शहरातली माणसं ती. तरवड म्हटलं की तरवड म्हणजे काय ते समजवा, मग हसतील. त्यांनीही पंचपालवीच सांगितलं. सगळे तेच सांगतात."

"इचारलं आन सांगितलं, झालं?" राहीबाईंनी कपाळाला हात लावला. "पंचपालवी जगाची आसती. देवक ज्येचं त्येचं येगळं. आरं, एक देवक म्हंजे एक रगत. देवकं जुळली की पोरं भाऊ-भन. माझ्या चुलतसासूच्या नातीचं लगीन हुतं. मांडवात देवकं आनली, तर दोन्हीकडं मोरयेल! अक्षता हातातल्या हातात ऱ्हायल्या. हळद लागलेली पोरगी तशीच घरी न्हेली. त्ये रडनं अजून कानात हाय माझ्या."

"काय रडणं?" म्हणत राजाबाईची लेक वैष्णवी आत आली. तिची कामावरून यायची हीच वेळ. खारघरच्या एका लॅबमध्ये ती रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर बसायची. खांदेश्वरच्या शिवतेजशी ओळख तिथंच झाली होती. वडिलांचं रक्त तपासायला म्हणून तो आला, आणि मग स्वतःला काही झालेलं नसताना चार वेळा आला. घरच्यांना पटवण्यात दोघांची दोन वर्षं गेली होती.

सगळं ऐकून ती पर्स आपटून म्हणाली, "आत्या, माझं लग्न शिवतेजशी आहे की त्या झुडपाशी? मला एकदा सांगून टाका, टेन्शन नको."

"आधी झुडपाशी," राहीबाई म्हणाल्या. "मग तुझ्या शिवतेजशी. झुडूप आलं न्हाई तर मीबी मांडवात पाऊल टाकायची न्हाई. थोरली म्हनून उरले ती एकटी मीच."

वैष्णवीनं आईकडं पाहिलं. त्या नजरेत चिडचीड वरवरची होती. तिच्या खाली भीती होती, आणि ती राजाबाईला लख्ख दिसली. दोन वर्षं झगडून मिळवलेला दिवस एका फांदीला अडला होता.

*

गुरुवारी काम सुटल्यावर राजाबाई नर्सरीत गेली. मालकानं तरवडाचं नावही ऐकलं नव्हतं. "पिवळं पाहिजे ना? हे घ्या, बारा महिने फुलतं." राजाबाई वाकून पानाचं बूड बघायला लागली तर म्हणाला, "अहो काकू, फुलं बघा ना. लोक फुलं बघतात."

"मला कान बघायचाय."

त्यानं हळूच कुंडी मागं घेतली.

घरी येते तर दारात कुठल्या तरी सोसायटीचा वॉचमन. राहीबाई स्वतः तरवड शोधायला निघाल्या होत्या. कुणाच्या तरी बागेत शिरल्या, माळ्याशी भांडल्या, आणि नावडे की काय ते नाव विसरल्यामुळं 'हौसा कांदेवाल्याकडं सोड' म्हणून बसून राहिल्या. वॉचमननं तीन बिल्डिंगा पालथ्या घातल्या होत्या.

"संभाळा यांना," तो घाम पुसत म्हणाला. "आमच्या सेक्रेटरीला म्हणाल्या, तुमच्या मुलखात साधं झुडूप उगवत नाही, तुम्ही माणसं कशी उगवता?"

राजाबाईनं त्याला पाणी दिलं, हात जोडले. मग स्वयंपाकघरात जाऊन कणकेत इतकं पाणी ओतलं की त्या रात्री सगळ्यांना धिरडी खावी लागली.

*

शुक्रवारी डबा खाताना मीना सहज म्हणाली, "आगो, मी घोवाला इचारला. त्याचा काका या डोंगराव शेल्या चारायचा. तो सांगतं, वरती बंद पडलेली दगडखान हाय, तिच्या काठाला एक पिवला झुडूप हाय. शेल्या सगला खातान, त्याला तोंड नाय लावत."

राजाबाईचा घास हातातच राहिला. लहानपणी बापामागं शेळ्या हाकताना हेच तर पाहिलं होतं. माळ खरवडून खातील, बोरीचे काटे खातील, पण तरवडाला वळसा घालून जातील.

ती उठली, धनेशपुढं जाऊन उभी राहिली. अर्धा दिवस सुट्टी पाहिजे म्हणाली.

"कारण?"

"पोरीचं लग्न आहे परवा."

"लग्न परवा आहे ना? आज काय आहे?"

खोटं बोलायचं होतं. पण वणवण करून डोकं असं शिणलं होतं की खरंच तोंडातून गेलं, "एक झुडूप बघायचंय."

धनेशनं शिट्टी तोंडातून काढली. सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "मावशी, अकरा वर्षं झुडपं उपटताय. आणि सुट्टीपण झुडपासाठी? जा, जा. आमच्यातर्फे पण नमस्कार सांगा त्याला."

बाया हसल्या. यावेळी मीना हसली नाही. राजाबाई खुरपं हातात तसंच घेऊन, जाकीटही न उतरवता, डोंगराकडं चालू लागली.

वाट कसली, खडीचा उतारच. कार्तिकातलं ऊन असूनही दगड तापले होते. चप्पल घसरे, हाताला गवताची पाती कापत. खाली कारखान्यांचे पत्रे चमकत होते. पण जसजशी वर गेली तसतशी हवा कोरडी होत गेली, पायाखाली मुरूम वाजायला लागला, आणि क्षणभर तिला वाटलं, आपण माणातच चाललोय. खाणीच्या कडेला आली, आणि समोर तो दिसला.

पुरुषभर उंच. फांदीफांदीला पिवळे घोस. मधूनमधून कागदासारख्या चपट्या तपकिरी शेंगा, वाऱ्यानं खुळखुळणाऱ्या. कोण जाणे कुठल्या ट्रकच्या चाकातून, कुठल्या मुरमातून त्याचं बी इथवर आलं होतं. ना ओल, ना माती, नुसत्या खापऱ्या दगडात मूळ रोवून तो फुलला होता. राजाबाईला त्याच्यावर तीन दिवसांचा राग काढायचा होता. 'कुठं लपला होतास मेल्या' असं ओरडायचं होतं. पण त्याचं रूप बघून तिनं डोक्यावरचा टॉवेल पदरासारखा सारखा केला. ब्लाउजमधली हळदी-कुंकवाची पुडी तिनं काढली.

तेवढ्यात झुडपाच्या पलीकडून खोकला आला. एक माणूस गुडघ्यावर बसलेला. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. त्यानं बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, सुपारी ठेवली, हात जोडले.

"चला देवा, लग्नाला," तो म्हणाला. "रविवारी शिवतेजच्या मांडवात या."

ते बाबासो होते. शिवतेजचे वडील. तिचे व्याही.

राजाबाईच्या पायाखालून एक खडा सुटला आणि खाणीत टप-टप-टप करत खाली गेला. बाबासोंनी वर पाहिलं. त्यांना आधी दिसलं नारिंगी जाकीट, मग हातातलं खुरपं.

"ओ बाई, थांबा, थांबा!" ते धडपडत उठले आणि झुडपापुढं हात पसरून उभे राहिले. "याला नका तोडू. तण नाही हे. आमचं देवक आहे." मग चेहरा दिसला. "अरे! विहीणबाई? तुम्ही?"

राजाबाईनं पुडी मुठीत आवळली. मूठ जाकिटाच्या खिशात गेली आणि तिथंच राहिली.

"कामावर होते," ती म्हणाली. खुरप्यानं तिनं खालचा रस्ता दाखवला. "खाली. उतारावर."

"मग बरं झालं तुम्हीच आलात. दुसरी कुणी असती तर साफ केलं असतं." बाबासो टोपी काढून घाम पुसू लागले. "मी या खाणीवर चार वर्षं वॉचमन होतो. तेव्हापासून हेरून ठेवलंय. पोराचं लग्न निघालं की इथूनच न्यायचं. आता तुमच्यापुढं काय लपवायचं? बोलणीत पंचपालवी म्हणालो आम्ही. म्हटलं, तुम्ही शहरात राहून सुधारलेली माणसं, तरवड म्हटलं तर हसाल. तुमची पंचपालवी, आमचीही पंचपालवी, विषय संपला."

"हो," राजाबाई म्हणाली. "संपला."

तिला हसावंसं वाटलं. दोन घरं, दोन्हीकडचे शहाणे बाप्ये, एकमेकांच्या हसण्याला भिऊन दोघंही खोटं बोलले, आणि ते खोटं तंतोतंत जुळलं. त्यावर साखर वाटली गेली, पत्रिका छापल्या, हॉल ठरला. आणि खरं काय ते आता एका खुरपणाऱ्या बाईच्या मुठीत. ती उघडली की लग्न मोडलं. बाबासो भला माणूस, पण भली माणसंच अशा वेळी थोरल्यांना विचारतात, आणि थोरले गोळा झाले की काय होतं ते राहीबाईंनी सांगून ठेवलं होतं. भाऊ-भन. हळद लागलेली पोरगी तशीच घरी.

पोरं का भाऊ-बहीण? याचं गाव खटावात, हिचं माणात. शंभर वर्षांत कुणी कुणाच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. मधे एक झुडूप, तेही कुणी न लावलेलं.

"जरा फांदी धरता?" बाबासो म्हणाले. "मला वाकून कापता येत नाही. गुडघे गेलेत."

राजाबाई पुढं झाली. तिनं फांदी धरली. हाताला पानं लागली, आणि पानाच्या बुडाशी तो कान, गोल, थंड, बाळाच्या कानाच्या पाळीएवढा. 'ऐकतोयस ना,' ती मनातल्या मनात म्हणाली. 'सगळं ऐकलंस. आता गप्प राहा. मीपण गप्प राहते.'

बाबासोंचा चाकू बोथट होता. दोन-तीनदा घासला तरी साल सुटेना. शेवटी राजाबाईनंच खुरपं लावलं आणि एका हिसक्यात फांदी तोडून त्यांच्या हातात दिली.

"हात बसलाय तुमचा," बाबासो कौतुकानं म्हणाले.

*

"नाही सापडला," तिनं घरी सांगितलं. राहीबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. सुपं पालथी घातली, मडकं कोपऱ्यात सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. शनिवारी कुणाशी बोलल्या नाहीत. हळद लावायला वैष्णवीनं हाताला धरून ओढून आणलं, तर पोरीच्या गालाला एक बोट लावून परत जाग्यावर.

"आगं, अजून एक चक्कर मारायची," हौसेराव म्हणाला.

"कुठं?" राजाबाई कडाडली. "तुम्ही मारा की! चार दिवस झाले, जो येतो तो मलाच पळवतो. कुळी तुमची, थोरली तुमची, थाप तुमची. माझं काय आहे त्यात? हे गुडघे?"

हौसेराव मुकाट्यानं गेला आणि पाच झाडांच्या पाच डहाळ्या घेऊन आला. बांधताना त्यानं गाठ दोनदा सोडली, दोनदा बांधली. राजाबाईला वाटलं, सांगून टाकावं. पण या माणसाच्या पोटात कांद्याचा वास राहतो, गुपित राहत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

राहीबाई येणार की नाही हे रविवारी सकाळपर्यंत कळलं नाही. टेम्पोत सामान चढलं तेव्हा त्या बाहेर आल्या, नऊवारी नेसलेल्या, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या. "पोरीसाठी येते," एवढंच म्हणाल्या. "मांडवाकडं बघायची न्हाई."

राजाबाईला तेच तर हवं होतं. पण देवकं दोन्हीकडची एकाच हॉलात, एकाच बोहल्याच्या दोन बाजूंना. ती सगळ्यांच्या आधी आत पळाली. मुलाकडच्या खांबाला बाबासोंनी फांदी बांधली होती. दोन दिवस पाण्यात ठेवून टवटवीत राखलेली, पिवळीजर्द. अख्ख्या हॉलात जणू तेवढीच एक वस्तू होती. राजाबाईनं डेकोरेशनवाल्याला गाठलं.

"भाऊ, त्या खांबाला झेंडूच्या माळा लाव. भरपूर. वरपासून खालपर्यंत."

"माळा मोजून आणल्यात काकू. बोहल्याला पुरायच्या नाहीत."

"बोहल्याच्या काढ!"

"मग फोटोत काय येणार?"

ती स्वतःच एक माळ ओढायला गेली, तर वरमाय हसत पुढं आली. "अहो विहीणबाई, तुम्ही का काम करता? आज तुम्ही नुसतं बसायचं." आणि तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. राजाबाई उठली, तिनं परत बसवलं.

तेवढ्यात वाजंत्री आत शिरली. हौसेराव खांद्यावर कुऱ्हाड घेऊन, हातात पंचपालवी धरून पुढं, मागं भावकी, आणि सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून राहीबाई. हौसेरावानं आपल्या खांबाला पालवी बांधली. पाठ धरत सरळ झाला. आणि त्याची नजर पलीकडं गेली.

त्याचं तोंड उघडलं. डोळे लकाकले. एवढा हरखला की पाठ विसरून तीन ढांगांत पलीकडं पोचला.

"आरं तिच्या! आक्का, बघ की! हा तर आपला—"

वाजंत्री नेमकी त्याच वेळी थांबली होती. बाबासो वळले. त्यांचे दोन भाऊ वळले. राजाबाई खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच राहिली. आतल्या खोलीच्या दारात हळदीनं पिवळी झालेली वैष्णवी उभी होती.

राहीबाईंनी मान वर केली. फांदी पाहिली. बाबासोंकडं पाहिलं. मग वळून राजाबाईकडं पाहिलं, चांगलं निरखून, आणि राजाबाईला कळलं की न सापडलेल्या तरवडाची सगळी वाट त्यांनी त्या एका नजरेत चालून काढली. त्यांनी दारातल्या पोरीकडं पाहिलं. तिथं नजर जरा जास्त वेळ थांबली.

मग त्या पदर खोचून पुढं आल्या आणि हौसेरावाला कोपरानं असं बाजूला सारलं की त्यानं खांबच धरला.

"आपला काय, आपला?" त्या खेकसल्या. "व्याह्यांचा हाय त्यो. दुसऱ्याच्या देवकाला हात लावतोस, लाज न्हाई वाटत?"

"पण आक्का—"

"गप." त्यांनी फांदीपाशी वाकून पाहिलं, डोळे बारीक केले, जणू जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. मग बाबासोंकडं वळल्या.

"व्याही, कसलं झाड म्हनायचं हो ह्ये?"

"तरवड," बाबासो जरा संकोचून म्हणाले. "माळावरचं असतंय. तुमच्याकडं नसेल."

"न्हाई बया," राहीबाई म्हणाल्या. "आमच्याकडं न्हाई ह्ये."

त्या परत फिरल्या. खुर्चीशी आल्यावर राजाबाईच्या दंडाला त्यांनी असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उबी काय ऱ्हायलीस खांबावानी? अक्षता वाट. एक काम हिला धड न्हाई जमत."